ताई, त्या पेशी अखेर जुळल्या

प्रिय ताई,

चार महिने माझ्या डिशमध्ये मायोब्लास्ट, म्हणजे स्नायू बनण्याआधीच्या कोवळ्या पेशी, नुसते वाढत होते. एकमेकांना खेटून बसायचे, पण धड मायोट्यूब, म्हणजे पेशी जुळून होणारी स्नायूची नळी, एकही होत नव्हती. मी मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रव, बदललं, घोड्याचं सीरम बदललं. तुम्ही आलात आणि त्यातलं काहीच विचारलं नाहीत. "स्टॉक वाढवताना डिश किती भरू देतेस?" एवढंच.

मी गच्च भरू देत होते. माझ्या या सी२सी१२ पेशींची (उंदराच्या मायोब्लास्टचा प्रयोगशाळेतला वाण) दाटी झाली की ज्यांच्यात जुळायची धमक असते, त्या विभाजन थांबवून स्नायू व्हायच्या वाटेला लागतात. पुढच्या पॅसेजला, म्हणजे पेशी नव्या डिशमध्ये हलवताना, उरतात त्या न जुळणाऱ्या. म्हणजे दर आठवड्याला चांगल्या पेशी मीच गाळून टाकत होते! तुम्ही तुमच्या साठ्यातली कमी पॅसेजची गोठवलेली व्हायल (कुपी) काढून दिलीत, कसलेही आढेवेढे न घेता.

पण त्याहून मोठे आभार त्या रात्रीचे. मी विलीन होण्याच्या क्षणावर नजर लावून बसले होते, आणि तुम्ही टाइमलॅप्स मागे नेऊन आधीचे तास दाखवलेत. पेशी लांबट होतात, शेजारणीच्या अंगाला समांतर येतात, बारीक बोटांसारखे फाटे काढून चाचपतात. कॅडहेरिन प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. काही जोड्या तर चाचपून सरळ दूर जातात. ते बघताना मी श्वास रोखून धरला होता. पटलांची पाळी त्यानंतरची. पेशीपटल दुपदरी, मायोमेकर नावाच्या प्रथिनामुळे आधी बाहेरचे पदर एक होतात, मग मायोमिक्सर आरपार छिद्र पाडायला मदत करतं. हे दुसरं प्रथिन अवघ्या ८४ अमिनो आम्लांचं, सापडलं २०१७ मध्ये, मायोमेकरनंतर चार वर्षांनी. मायोमेकर दोन्ही पेशींवर लागतं, मायोमिक्सर एकीवर असलं तरी भागतं, हे तुम्ही कागदावर दोन वर्तुळं काढून समजावलंत. तो कागद मी वहीत चिकटवलाय.

परवा, सहाव्या दिवशी, एक मायोट्यूब आपोआप आखडली. तिच्यात १९ केंद्रकं मोजली. दोनदा मोजली, तुम्ही सांगितलं होतंत तशी.

तुमच्या व्हायलपासून सहा नव्या गोठवल्या आहेत, डिश अर्धीच भरलेली असताना. त्यातल्या दोन तुमच्यासाठी बाजूला ठेवल्यात.

तुमची,
धाकटी सहकारी