तिमोरची मराठी गाइड करतोय, पण गोव्याच्या गाइडसारखी नको

मा. संपादक,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत थायलंड, दुबई, बालीच्या सहलींवर भरपूर येतं, आम्ही वाचतो पण. त्याच बालीवरून विमानाने जेमतेम दोन तासांवर तिमोर-लेस्त नावाचा अख्खा देश आहे आणि त्याच्याबद्दल मराठीत धड चार पानं सापडत नाहीत. म्हणून फोंडा, म्हापसा, मडगाव इकडच्या आम्ही काही जणांनी मिळून त्याची मराठी गाइड करायला घेतलीय, आणि आता माणसं कमी पडतायत, म्हणून हे पत्र.

तिमोरच का, हे प्रत्येक जण विचारतो. अहो, १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्यातून चालायचा, मग मकावबरोबर तोही वेगळा काढला. आपण १९६१ ला सुटलो, ते १९७५ ला पोर्तुगीजांपासून सुटले न सुटले तोच डिसेंबरात इंडोनेशियाचं सैन्य उतरलं, १९९९ च्या मतदानात ७८ टक्क्यांच्या वर लोकांनी स्वातंत्र्य मागितलं आणि २० मे २००२ ला देश उभा राहिला. वस्ती गोव्याएवढीच धरा, जमीन चौपट. आणि मुख्य म्हणजे त्यांचा पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल. म्हणजे आपल्याकडे जून-जुलैत शॅक उतरवलेले असतात, टॅक्सीवाले गेस्टहाऊसवाले घरी बसलेले असतात तेव्हा तिकडे कोरडं. टुरिझमवर पोट असलेल्या गोंयकाराला सुट्टीत जायला याहून सोयीचा देश दाखवा मला. (तिकीट स्वस्त नाही आणि पैशाचं सोंग आणता येत नाही, ते मान्य.)

आता गाइड कशी नको ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे, कारण तसल्या गाइडा आपणच भोगतोय. गोव्यावरची कुठलीही उघडा, कळंगुट, बागा, हणजुणे, फेणी, पार्टी, फारतर ओल्ड गोव्याची चर्च. तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन देवळाला कोपऱ्यात दोन ओळी, कुशावतीकाठच्या उसगाळीमळच्या कातळशिल्पांचं तर नावच नाही बऱ्याचदा. एकाने आठ दिवस राहून लिहायचं आणि दहांनी तेच उचलायचं, मग येणारा माणूसही तेवढंच बघून जातो आणि आपण बोंबलत बसतो. हेच आपण दुसऱ्या छोट्या देशाचं करायचं का?

त्यामुळे आम्ही जागा वाटून घ्यायच्या नाहीत, कामं वाटायची असं ठरवलं. जागा वाटल्या की प्रत्येकाला जाको बेट नाहीतर रामेलाऊवरचा सूर्योदयच लिहायचा असतो (डोंगर २,९६३ मीटरचा, देशातला सगळ्यात उंच), बस कुठून सुटते ते लिहायला कोणी नसतं. म्हणून एकाकडे फक्त बस, एकाकडे पैसे, एकाकडे दवाखाना, एकाकडे खाणं. राजधानी दिली, तिथून पूर्वेला बाउकाउकडे जायचं तर बेकोराचा स्टँड, पश्चिमेला तासी तोलूचा, दक्षिणेला डोंगरात मौबिसीकडे जायचं तर ताइबेसीचा, हे तीन माहीत नसतील तर अर्धा दिवस फुकट. नोटा अमेरिकन डॉलरच्या, पण चिल्लर त्यांची स्वतःची, सेंटाव्हो. आणि ती चिल्लर खिशात लागतेच, कारण शहरातल्या मिक्रोलेटमधून (छोटी प्रवासी व्हॅन) उतरायचं असेल तर नाणं दांड्यावर टकटक वाजवतात, ड्रायव्हर गाडी थांबवतो. असल्या गोष्टी भरपूर हव्यात.

प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि शेरा हवा: स्वतः पाहिलं, तिथल्या माणसाने सांगितलं, की नुसतं वाचलं. भाडं, व्हिसाचा नियम, होडीची वेळ, हे वर्षभरात कोणी परत तपासलं नाही तर ओळ काढायची, कितीही मेहनतीने लिहिलेली असूदे. यावर आमच्यात चांगलीच जुंपलीय पण मी मागे हटणार नाही. विकिव्हॉयेज या खुल्या प्रवास-वेबसाइटवरचा मजकूर फुकट घेता येतो, पण श्रेय द्यावं लागतं आणि आपलाही मजकूर तसाच खुला ठेवावा लागतो, तेव्हा "जरा इकडून तिकडून घेतलं" चालणार नाही. शेवटचा हात मात्र एकाच माणसाचा, नाहीतर गोधडी होते.

मगरींचं प्रकरण मी स्वतःकडे घेतलंय. तिमोरच्या किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात आणि माणसं दगावतात, आणि आपला गोंयकार समुद्र दिसला की कपडे काढून आत, त्यामुळे हे पहिल्या पानावर हवं. पण नुसतं "सावधान" लिहून भागत नाही. तिथले लोक मगरीला आजोबा म्हणतात, एका मुलाने मगरीच्या पिल्लाला वाचवलं, पुढे तीच मगर म्हातारी होऊन मेली आणि तिचंच हे बेट झालं अशी त्यांची गोष्ट आहे. म्हणून तिथे मगरीवर टवाळी केलेली खपत नाही. बाहेरच्या लेखकाने याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं व्हावं, पण आमच्या फोंडा तालुक्यात खाजनकाठच्या गावांत आजही पौषात चिखलाची मगर करून पुजतात, मांगे थापणी, तेव्हा आपल्याला तरी कळायला हवं. जाको बेटाचंही तसंच, पवित्र मानतात, रात्री तिथे कोणी राहत नाही. "निर्जन बेटावर कॅम्पिंग" अशी ओळ आमच्याकडे आली होती, मी काढून टाकली.

दिलीतल्या सांता क्रूझच्या दफनभूमीत १२ नोव्हेंबर १९९१ ला इंडोनेशियाच्या सैन्याने मोर्च्यावर गोळ्या झाडल्या. ती गाइडमध्ये येईल, पण फोटो स्पॉट म्हणून नाही.

अजून एक अडचण. आपण लिहिलेलं बरोबर की चूक हे तिथल्याच माणसाने सांगावं, आणि त्यांना मराठी कुठून येणार. म्हणून प्रत्येक प्रकरणाचा सार पोर्तुगीज नाहीतर सोप्या इंग्रजीत करून तिकडे पाठवायचा विचार आहे. तेतुम आणि पोर्तुगीज या तिथल्या अधिकृत भाषा, सरकारी सूचना, कायदे पोर्तुगीजमध्ये निघतात. आणि इथे आपल्याकडे मुक्तीआधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं बाल्कांवात बसून आहेत, झरझर वाचतात, त्यांना कोणी काही वाचायलाच देत नाही! घरात असे आजोबा-आजी असतील तर कृपया कळवा, कागद आम्ही घरी आणून देऊ, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून. दिली बंदराला लागलेले कोणी तारवटी (बोटीवर काम केलेले) असतील तर तेही हवेत. लिहिता आलं नाही तरी चालेल, ते सांगतील, आम्ही लिहून घेऊ.

मानधन नाही. एक ट्रॅव्हलवाला छपाईचा खर्च द्यायला तयार होता, बदल्यात हॉटेलं त्याने सुचवलेली घालायची, त्याला नाही म्हटलंय. माझा पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर जोडलाय, तो छापू नका, वाचकांची उत्तरं आली तर तुमच्या ऑफिसातून आम्ही येऊन घेऊन जाऊ. पोर्तुगीज वाचणाऱ्यांनी आधी कळवावं, फोटोवाले सध्या पुरेसे आहेत.

आपला,
एक वाचक, फोंडा