मुलींच्या गणवेशाला खिसा का नाही?

महोदय,

ठाण्यात चरईत मी 22 वर्षं शिवणकाम करते. मे महिना लागला की गणवेशांची कामं येतात आणि दरवर्षी एक गोष्ट मनाला लागते. मुलाच्या पँटला दोन खिसे, शर्टाला एक. मुलीच्या पिनोला एकही नाही. शाळेकडून नमुना येतो, तसंच शिवायचं. रुमाल, रिक्षाचे सुटे पैसे मुलीने ठेवायचे कुठे? पाळीच्या दिवसांत तर भर वर्गात दप्तर उघडून पॅड काढावं लागतं. मुली सांगतात तेव्हा पोटात कालवतं.

यंदा एका आईने आठवीतल्या मुलीला स्कर्टऐवजी फुलपँट शिवून घेतली. मुलगी सायकलने शाळेत जाते. कापड तेच, रंग तोच. तिसऱ्या दिवशी मायलेकी दुकानात हजर. 'मुलींसारखे कपडे घालून ये' म्हणून शाळेने परत पाठवलं होतं. मी गेल्या वर्षीच्या स्कर्टची मुडप सोडून लांबी वाढवून दिली. ती मुलगी एक शब्द बोलली नाही.

मुलींसारखे म्हणजे कसे? आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या आज्या गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून काष्टा मारत. मासळीची पाटी घेऊन फिरायचं तर पाय मोकळे हवेत. आजोबांच्या धोतरालाही निऱ्याच होत्या. भिकबाळी घालणाऱ्या पुरुषाला कुणी बायकी म्हटलं नाही. बालगंधर्वांचं शालू नेसणं पाहून तर घरंदाज बायका तसं नेसू लागल्या. एवढं सगळं ज्या समाजात चाललं, तिथे सायकल चालवणाऱ्या मुलीची पँट खुपावी?

शर्टाचंच घ्या. पुरुषांची बटणं उजव्या पट्टीवर, बायकांची डाव्या. उलट झालं तर गिऱ्हाईक शर्ट परत आणतं. असं का, ते इतक्या वर्षांत एकालाही सांगता आलेलं नाही.

केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या बालुसेरीच्या सरकारी शाळेने डिसेंबर 2021 मध्ये अकरावीच्या मुलामुलींना शर्ट-पँट असा एकच गणवेश दिला. विरोध झाला, तरी शाळा मागे हटली नाही. मला मात्र सक्ती तीही नको वाटते. जिला स्कर्ट आवडतो तिने तो घालावा, जिला सलवार हवी तिने सलवार. फक्त निवड मुलीची असावी आणि खिसा सगळ्यांना असावा. खिशाला वीतभर कापड लागतं आणि माझी दहा मिनिटं.

पालक-शिक्षक संघांना कळकळीची विनंती, हे शाळेशी फेब्रुवारीतच बोला. जूनमध्ये बोलून उपयोग नसतो, तोवर कापड बेतून झालेलं असतं.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
चरई, ठाणे