संदीप, नितेशला त्या कागदावर सही करू देऊ नकोस

म्हापसा,
रविवार रात्र

प्रिय संदीप,

काल फोनवर मधेच वहिनी बोलत होत्या, मधेच लाईन तुटत होती, त्यामुळे मला सांगायचं होतं ते अर्धंच राहिलं. म्हणून बसून लिहितोय, लांबलं तरी पूर्ण वाच आणि मग नितेशलाही वाचायला दे.

आधी मुद्द्याचं. रिसॉर्टच्या रूममधून गेस्टची सोन्याची चेन गेली आणि तिथे हाऊसकीपिंगला असलेल्या नितेशवर आळ आलाय. रिसॉर्टचा मॅनेजर जो कागद पुढे करतोय ना, "झाल्या प्रकाराबद्दल माफी मागतो, चेनीची रक्कम पगारातून कापावी आणि मी स्वखुशीने नोकरी सोडतो", त्यावर नितेशने सही करायची नाही. तुझे काका म्हणतात देऊन टाक लिहून, पोलिसांची कटकट नको, घराची अब्रू राहील. त्यांना वाटतंय प्रकरण मिटतंय, पण असं मिटत नाही रे. कोर्टासमोर टायपिंगला बसतो म्हणून सांगतो, असले माफीनामे मीच कितीतरी टाईप केलेत, मालक "स्वखुशीने" हा शब्द टाकाच म्हणून बजावतो आणि पोरगा बाजूला खाली मान घालून उभा असतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, आधी एव्हिडन्स ॲक्टचं 25 कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23. (त्याने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, पण नितेशकडे चेनच नाही तर सापडणार काय.) मॅनेजर मात्र पोलीस नाही. त्याला लिहून दिलेलं कोर्टापुढे येऊ शकतं, आणि मग दबावाखाली घेतलं हे दाखवत बसायचं आपण. पोलिसांपेक्षा मला त्या मॅनेजरचीच जास्त भीती वाटते ती यासाठी.

आणि त्याला दोन तास स्टोअररूममध्ये बसवून ठेवलं म्हणालास ना, कुणी बसवलं, किती वाजता, दार बाहेरून लावलेलं होतं का, सगळं आजच्या आज लिहून काढायला सांग. असं कुणाला कोंडून ठेवणं हाच मुळात गुन्हा आहे.

आता एफआयआर झाली तर काय. कुठलं कलम लावतात ते कागद बघितल्यावरच कळेल, कारण चेन गेस्टची, मालकाची नव्हे. साधी चोरी असेल तर भारतीय न्याय संहितेचं 303, तीन वर्षांपर्यंत. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर 306, आणि राहत्या जागेतली चोरी धरली तर 305, दोन्हीला सात वर्षांपर्यंत. आकडा ऐकून काकी घाबरतील, त्यांना सांग की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात लगेच उचलायचं नाही, अटक का हवी ते पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने 2014 च्या अर्नेश कुमार केसमध्ये बजावलंय. बहुतेक वेळा बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) 35 खाली हजर राहायची नोटीस येते. नोटीस आली की वेळेवर जायचं, गैरहजर राहिला की अटकेला आयतं कारण मिळतं. तरी भीती वाटत असेल तर सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामीन टाकता येतो. आणि अटक झालीच तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं (पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही एवढंच). 5,000 रुपयांखालच्या चोरीला सामुदायिक सेवा असं जे व्हॉट्सॲपवर फिरतंय ते सोड, सोन्याची चेन त्यात कुठे बसणार, आणि ते पण दोषी ठरल्यावरचं आहे.

वकिलाच्या पैशांचं टेन्शन घेऊ नकोस. 15100 वर, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाईनवर, फोन करायचा, नाहीतर सरळ तालुक्याच्या कोर्टात लीगल सर्व्हिसेसच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. बायकांना, एससी-एसटीला, उत्पन्न मर्यादेत असणाऱ्यांना फुकट वकील मिळतो, आणि कोठडीत असलेल्याला तर उत्पन्न विचारतच नाहीत. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ असं लोक बोलतात, मी चांगलेही पाहिलेत आणि तारखेला न येणारेही, पण पैसे घेणाऱ्यांतही तसले आहेतच की.

खरी लढाई मात्र रेकॉर्डची आहे. त्या रूमचं लॉक कार्डवर उघडतं ना? मग कुठलं कार्ड किती वाजता लागलं त्याची नोंद सिस्टीममध्ये असते. नितेश म्हणतो तो साडेअकराला रूम करून निघाला आणि गेस्टने चेन संध्याकाळी शोधली, मधल्या वेळात मेंटेनन्सवाला आत गेला होता म्हणे. हाऊसकीपिंगचं रजिस्टर, कॉरिडॉरचा कॅमेरा, कार्डाची नोंद, हे जपून ठेवा असं वकिलाकरवी उद्याच लेखी कळवायला हवं, कारण सीसीटीव्हीवर काही दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं आणि जुनं जातं. हॉटेलवाले नंतर खांदे उडवतात.

नितेशला शिपवर नोकरीला जायचंय म्हणून मी एवढं डोकं खातोय. कोर्टात क्रिमिनल केस चालू असली की पासपोर्ट अडतो, कोर्टाची परवानगी आणावी लागते, पीसीसीतही (पोलिसांच्या क्लिअरन्स सर्टिफिकेटमध्ये) नोंद येऊ शकते, आणि एजंट तेवढ्यावरून दुसऱ्या पोराला पाठवून मोकळा होतो. वाईटात वाईट दोषी ठरला तरी पहिलाच गुन्हा म्हणून प्रोबेशनवर सोडायचा कायदा आहे, 1958 चा, पण तिथपर्यंत जायचंच कशाला. गेस्टने तडजोड करायची ठरवली तर तीसुद्धा वकिलामार्फत, गुन्हा मान्य नाही असं स्पष्ट लिहून.

त्याचा फोन, मॅनेजरचे मेसेज, काही डिलीट करायचं नाही. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, ड्युटी चार्टचा फोटो घेऊन उद्या साडेनऊला कोर्टाच्या गेटवर यायला सांग, दहाला वकील आत गेले की दुपारपर्यंत सापडत नाहीत. आणि तोपर्यंत मॅनेजरचा फोन आला तर "वकिलाशी बोलून सांगतो", एवढंच.

तुझा,
दीपक


ता.क. काकांशी मी बोलू का? तुझं ऐकणार नाहीत ते.