नागपूर–लंडन प्रवासाचा वेळ चुकीचा दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला लंडनला पाठवायचं होतं, म्हणून जूनचं तिकीट तुमच्या कंपनीकडून काढलं. तुमच्या पानावर नागपूर ते लंडन अंतर सुमारे ७,५०० किलोमीटर आणि ‘प्रवासाचा वेळ ८ तास २० मिनिटे’ असं ठळक लिहिलेलं आहे.

अंतर बरोबर आहे. पृथ्वीच्या गोलावरून सरळ मोजलं तर तेवढंच भरतं. पण त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागून जो वेळ काढला, त्या वेळेत जाणारं विमानच नाही. नागपुराहून लंडनला थेट विमान जात नाही. आई मुंबईमार्गे गेली: नागपूर–मुंबई दीड तास, मुंबईत सात तास थांबा, पुढे दहा तास. गावाहून कळंब, देवळी, बुटीबोरी करत नागपूर विमानतळ गाठायला लागतात ते चार तास वेगळेच.

तिकिटावरूनही खरा वेळ कळत नाही. मुंबईहून रात्री २ ला सुटणार, लंडनला सकाळी ७.३० ला पोचणार, एवढंच छापलंय. वाचणारा साडेपाच तासच धरेल. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आईला मधुमेह आहे, ती इन्सुलिन घेते. तुमचा आकडा दाखवूनच आम्ही डॉक्टरांकडून तिच्या सुईच्या आणि जेवणाच्या वेळा लिहून घेतल्या. “रातच्याले सुई घेतो, सकायी पोरीपाशी पोचतो,” असं सांगत ती निघाली. मुंबईत थांबली असताना तिची साखर उतरली, हातपाय थरथरायला लागले. शेजारच्या एका बाईंनी बिस्किटं आणि साखरेचं पाणी दिलं, म्हणून निभावलं. माझी आई इंग्रजी वाचत नाही, तिथे कुणाला काय विचारणार होती?

फोन केला तर तुमच्या माणसाने सांगितलं, “वेळ अंदाजे असतो.” अंदाज समजू शकतो. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, म्हणून जायला यायच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर भारतीय कंपन्यांच्या विमानांना वळसा पडला. अशाने तास-दोन तास इकडेतिकडे होतात. आठाचे अठरा होत नाहीत.

थेट विमान नसेल तिथे तसं स्पष्ट मराठीत लिहा. सरळ अंतराच्या हिशेबाला ‘प्रवासाचा वेळ’ म्हणू नका. थांब्यासकट एकूण तास तिकिटावर छापा. आईचं परतीचं तिकीटही तुमच्याकडचंच आहे, त्याचा पूर्ण तपशील मला पंधरा दिवसांत लेखी कळवा. उत्तर आलं नाही, तर मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देणार आहे.

आपली ग्राहक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

सोबत: तिकिटाची प्रत, तुमच्या पानाचा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी