लसीनंतरच्या अर्ध्या तासात मालिश शिकवा

संपादक महोदय,

आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीत बाळंतीण घरी आली की पहिली चौकशी मालिशवाल्या बाईची होते. बाई चांगली की वाईट, हे ती किती जोर लावते त्यावर ठरतं. ‘रडून रडून कसं गाढ झोपतं बघा,’ ही शिफारस मी लिफ्टमध्ये ऐकली आहे. लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी झाल्यामुळे बोलल्यावाचून राहवलं नाही. बाळ दमून झोपणं वेगळं आणि निवांत होऊन झोपणं वेगळं.

सगळा दोष त्या बायांचा नाही. त्यांना सकाळच्या वेळात दिघ्यापासून घणसोलीपर्यंतची घरं उरकायची असतात. बाळ भुकेलंय की आत्ताच प्यायलंय, हे बघायला सवड कुठली? मग कणीक तिंबावी तसं अंग रगडायचं, नाक चिमटीत धरून ‘सरळ’ करायचं, छाती पिळायची, वर नाकाकानात तेलाचे थेंब. नवजात बाळाची छाती आईकडून आलेल्या हार्मोन्समुळे सुजते आणि आपोआप ओसरते. पिळली तर गळू होऊ शकतं. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनियाची भीती. हे सांगावं तर ‘आमची मुलं नाही का वाढली?’ हे उत्तर ठरलेलंच.

मालिश मात्र जरूर करावी. १९८६ मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना १० दिवस, रोज ३ वेळा, १५-१५ मिनिटं मालिश दिली. इतर बाळांपेक्षा त्यांचं वजन दिवसाला ४७ टक्के जास्त वाढलं.

आमच्याकडे हे काम मुलगा करतो, महापेहून घरी आल्यावर. सूनबाईला तेवढीच पाठ टेकायला मिळते. अंगठी-घड्याळ काढलेलं, नखं कापलेली, पंखा बंद, दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झालेला. बसायचं खाली सतरंजीवर. पलंगावरून तेलकट बाळ निसटतं. चमचाभर खोबरेल तळव्यांवर चोळून कोमट केलं की पायांपासून सुरुवात. पायाला हात लावलेला सहसा चालतो, एकदम छातीला लावला की पोर दचकतं. पोटावरून हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, कारण मोठं आतडं तसंच वळलेलं असतं. मग गुडघे अलगद पोटाशी. वायू सरल्यावर नातीचा चेहरा बघण्यासारखा असतो! (नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत मात्र पोटाला हात लावायचा नाही.) हात अगदी हलकाही नको, गुदगुल्या होतात. बाळानं तोंड फिरवलं, मुठी आवळल्या, पाठ ताणली की थांबायचं, एकच पाय झाला असला तरी. मुलाला हेच जड गेलं. इंजिनिअर पडला, हातातलं काम अर्धवट सोडवत नाही.

मोहरीचं तेल नको, नाजूक त्वचेला ते सोसत नाही. मे महिन्यात घामोळं आलं तर तेलालाच सुट्टी.

आता हे घरोघरी सांगणार कोण? आशाताईंनी बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत ६ वेळा घरी यावं, अशी योजना आहे. पण आमच्यासारख्या टॉवरमध्ये मी तरी त्यांना पाहिलेलं नाही. लसीकरणाला मात्र बाळं येतातच. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची. टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात आणि आईबाप मोबाईल चाळत बसतात. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांनी त्या अर्ध्या तासात बाहुलीवर मालिश करून दाखवावी. टोचलेली मांडी चोळायची नाही, हेही तिथेच सांगून होईल. बापांना पुढच्या रांगेत बसवा. ते बाहेर बाईकवर टेकून उभे असतात. मालिशवाल्या बायांनाही बोलवा, पण दुपारी, म्हणजे त्यांची सकाळची घरं बुडणार नाहीत. त्यांच्या हाताला आमच्यापेक्षा जास्त सराव आहे.

ऐरोलीच्या आसपास कुठल्याही केंद्रात हे सुरू होणार असेल तर शिकवायला मी येईन. मानधन नको, बाहुली आणि तेल मी आणीन.

एक निवृत्त परिचारिका, ऐरोली, नवी मुंबई
(नाव-पत्ता पत्रासोबत दिला आहे.)