चि. बापूस, तपासाबद्दल

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की मी, ते राहू दे. नंदूमामा शुक्रवारी तुझ्या बाजूला येतोय, त्याच्या हाती डिंकाचे लाडू, स्वेटर आणि हे पत्र देते आहे. तू पोलीस ठाण्यात असलास की निम्मं लक्ष वायरलेसकडे असतं. कागदावर तरी माझं बोलणं पुरं होईल.

तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाही. "आई, यांच्याकडून कबूल करून घ्यायला दोन तास पुरतात." त्याआधी म्हणालास, "ती जमातच तशी." पारध्यांच्या पालावरची तीन पोरं, रात्री गाडी अडवून लग्नाहून परतणाऱ्यांचे दागिने नेल्याची फिर्याद, वरून साहेबांचा तगादा. सगळं कळतं मला. ज्या बाईच्या गळ्यातून मंगळसूत्र हिसकलं तिला ते परत मिळायलाच हवं. चोर सापडलाच पाहिजे. मी फक्त हाताविषयी बोलते आहे. तुझ्या हाताविषयी.

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले आहे. जे माझ्या नजरेखालून गेलेलं आहे तेवढंच सांगते, जुन्या काळी आपल्या मुलखात चोर कसा धरत आणि धरल्यावर काय करत.

गावची राखण रामोशाकडे असे. त्याबद्दल त्याला इनाम जमीन आणि बलुतं. चोरी झाली की माग काढायचं काम त्याचं. पहाटे, गुरं रानात सुटायच्या आत, तो फुटलेल्या घरापासून पाऊल धरी. ठसा मोजून ठेवी, लांबी किती, टाच कुठे खोल गेली, अनवाणी की वहाणेचा. गुजराथेत पगी, म्हणजे तिकडचे माग काढणारे, ठशावर भांडं पालथं घालून तो राखीत. माग गावच्या शिवेपर्यंत गेला की पलीकडच्या गावच्या रखवालदाराला बोलवायचं, ठसा दाखवायचा, त्याची खात्री पटवायची. खात्री पटली की पहिलं गाव सुटलं, पुढची जबाबदारी दुसऱ्याची. असं करत माग ज्या गावात मुरेल त्या गावाने चोर द्यायचा, नाहीतर माल भरून द्यायचा. आधी रामोशाच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून, उरलेलं साऱ्या गावाकडून. पुष्कळदा सगळी किंमत निघतच नसे, मग सरकार काही हिश्शावर भागवी. एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात ही रीत तपशिलाने आली आहे.

यात बिघडायचं कुठे तेही बघ. पाऊस झाला, खडकाळ माळ लागला, माणूस ओढ्याच्या पाण्यातून चालत गेला, की माग तुटला. शिवेपाशी माग आपल्या हद्दीत येतोय असं दिसलं की तो मोडून टाकण्यात गावाचा फायदा, कळप त्यावरून नेला की काम झालं. आणि ज्या रामोशाला खिशातून भरपाई द्यायची, त्याला चोरांशी आतून बोलणं करून ठेवणं स्वस्त पडे. आपलं गाव सोडा, पलीकडचं घ्या. राखणदार आणि चोर एकमेकांत मिसळले ते असे. पाटीलही पुष्कळ ठिकाणी सामील असत. इतकं असूनही या पद्धतीचं मला एक वाटतं. तिची सुरुवात मातीवरच्या ठशापासून व्हायची, माणसाच्या पाठीपासून नाही.

पाठ यायची ती सरकारात नेल्यावर. दरोडेखोर म्हणून धरलेल्याची रीतसर चौकशी फारशी नसे. साथीदारांची नावं, माल कुठे पुरला, हे काढायला कोरडे, तोंडाला मिरचीचा तोबरा. शिक्षा म्हणशील तर फाशी, शिरच्छेद, हत्तीच्या पायी देणं, हात किंवा पाय तोडणं. हात तोडलेल्या माणसाला तिथल्या तिथे सोडून देत, पुढे जगला तर जगला. काहींना बेडी घालून गडावर टाकत. बायकांना मृत्युदंड नसे, पण त्यांची नाककानं कापत आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवत.

आता जे सांगायला बसले ते. त्याच अहवालात एल्फिन्स्टन लिहितो की वाटमारीला बहुधा मृत्यूची शिक्षा होई, कारण वाटमारी करणारे बहुधा खालच्या मानलेल्या जातींचे असत. गुन्हा काय यापेक्षा गुन्हेगाराची जात कोणती यावर शिक्षेत जास्त फरक पडे. साधा खून दंडावर निभावे आणि रस्त्यातली लूट फासावर जाई. ब्राह्मणाला तर देहदंड नव्हताच. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझे बाबा पलीकडे खटल्याचे कागद लावत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "अजूनही जामिनाच्या वेळी हेच बघतो मी." तेवढंच. 

माझी भीती तुला कळते आहे ना? तू कोणाला मारशील ही अर्धी. अर्धी अशी की मारल्यावर तो जे सांगेल ते तुला खरं वाटेल.

दुखण्याने माणूस काहीही कबूल करतो हे राज्यकर्त्यांनाही उमगलं होतं. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करायला आयोग बसला, त्याचा अहवाल १८५५ सालचा. त्याच्यापुढे बोटं चिमटायच्या किट्टीपासून सगळं आलं, आणि ते करणारे कंपनीच्याच पगारावरचे होते. १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीत नियम आला की पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तोच कलम २५ झाला, आता तुमच्या नव्या साक्ष्य अधिनियमात कलम २३. एका परदेशी सरकारने स्वतःच्याच पोलिसांवर दाखवलेला तो अविश्वास आपण स्वतंत्र झाल्यावरही तसाच ठेवला, आणि ठेवला ते बरं केलं. म्हणजे तुझे ते दोन तास कोर्टात शून्य. उपयोगी पडतं ते त्याच्या सांगण्यावरून प्रत्यक्ष सापडलेली वस्तू, तीही पंचांसमोर, त्याने स्वतः काढून दिलेली. आणि ते सोनं आधी सराफाकडून आणून मग शेतात 'सापडलं' असेल, तर उलटतपासणीत पंच दहा मिनिटं टिकत नाही. बाबांनी असे किती खटले पडताना पाहिले ते तुला माहीत आहे, जेवताना तेच ऐकत वाढलास. कबुलीसाठी मारणाऱ्याला सात वर्षं, जबर दुखापत झाली तर दहा. भारतीय न्याय संहितेचं कलम १२०. हे कलम माझ्या मुलापुढे लिहिताना हात अडखळतो.

आणखी एक. फोनवर तू 'दरोडा' म्हणालास. तिघं असतील तर ती जबरी चोरी, कलम ३०९. दरोड्याला पाच लागतात, हे १८६० पासून तसंच आहे. रस्त्यात, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान असेल तर दहाऐवजी चौदा वर्षांपर्यंत जाता येतं, तेही जुन्या दंड संहितेच्या कलम ३९२ मधलंच. फिर्यादीत 'पाच इसम' लिहून घेतलं असेल आणि हातात तीन असतील, तर उरलेले दोन कुठून यायचे याची मला धास्ती आहे. त्याच पालावरून ना?

तुझा फोटो बैठकीत लावलाय. पासिंग आउटचा, टोपी जरा तिरकी. शकूमावशी म्हणाली, आजोबांसारखा दिसतो. मी काही बोलले नाही, पण येता-जाता बघते.

तर 'जमातच तशी' याबद्दल. ही कल्पना पालावर जन्मलेली नाही, ती कायद्याने तयार केली आणि तिला तारखा आहेत. १८३६ च्या ठगांच्या कायद्यात एखादा खून शाबीत करायची गरजच उरली नाही, टोळीत होता एवढं दाखवलं की जन्मठेप. साक्ष माफीच्या साक्षीदाराची, म्हणजे जो दुसऱ्यांची नावं घेऊन आपली मान सोडवतो त्याची. १८४३ मध्ये तेच दरोडेखोरांना लागू केलं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आता टोळीसुद्धा नको, जन्म पुरे. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात पोहोचला. बोटांचे ठसे, ठाण्यात हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. त्या पोरांच्या पणज्याने हजेरी दिली असेल. चोरी केली म्हणून नव्हे, पारधी म्हणून.

आणि रामोशांचं काय झालं? पुरंदरची राखण पिढ्यान्पिढ्या त्यांच्याकडे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती काढून घेतली, १८१८ नंतर इंग्रजांनी उरलेले हक्क आवळले. ज्यांना माग काढता येत होता, डोंगरातली वाट न् वाट ठाऊक होती, त्यांचंच पोट तोडलं, मग दरोडे वाढले म्हणून पलटणी पाठवल्या. भिवडीचा उमाजी नाईक आधी चोरीसाठी तुरुंगात गेला, तिथे लिहायला-वाचायला शिकला, आणि पुढे त्याने इंग्रजांना सारा देऊ नका असा जाहीरनामाच काढला. सरकारी कागदात तो शेवटपर्यंत दरोडेखोर. मधे एकदा माफी देऊन त्याच्याकडे राखणीचंच काम सोपवलं होतं, म्हणजे त्याची लायकी त्यांना कळत होती. शेवटी बक्षीस दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमिनीपर्यंत चढलं. १५ डिसेंबर १८३१ ला भोरजवळच्या उत्रोळीत आपल्याच माणसांच्या फितुरीने तो सापडला. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी, आणि प्रेत तीन दिवस पिंपळाला टांगलेलं. इंग्लंडात प्रेत टांगून ठेवायची शिक्षा पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये बंद झाली. आज उमाजींचे पुतळे आहेत आणि जयंतीला तुम्हीच बंदोबस्त करता. कागदावर ज्याला दरोडेखोर लिहिलं त्याचं पुढे काय होईल, हे लिहिणाऱ्या फौजदाराला कधीच ठाऊक नसतं.

फार झालं. शाळेत शिकवल्यासारखं लिहिलं, माफ कर. तू हे सगळं परीक्षेला करून गेला आहेस, आणि रात्री तीन वाजता रस्त्यावर तू उभा असतोस, मी नाही. तुझ्या हाताखालच्या हवालदारांनी किती गणपती घराबाहेर काढले तेही मला कळतं.

तरीही ऐक. अग्निदिव्याचा विधी याज्ञवल्क्य स्मृतीत दिला आहे. आरोपीने तापलेला लोखंडाचा गोळा हातात घेऊन सात मंडलं, म्हणजे आखलेली वर्तुळं, चालायचं. क्रूरच सगळं. पण गोळा देण्याआधी त्याच्या तळहातावर साळीचे दाणे चोळायचे, आधीचे वण, तीळ, घट्टे सगळे बघून त्यांवर खुणा करायच्या, आणि मग पिंपळाची सात पानं ठेवून दोऱ्याने बांधायची. आधीची जखम कोणती आणि आपण केलेली कोणती, यात गफलत होऊ नये म्हणून. अंगावर काय होतं आणि काय नव्हतं याची नोंद तेव्हाही लागत होती. तुम्हाला तर अटकेनंतर वैद्यकीय तपासणी आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलेलं आहे. ती खरी करून घे. डॉक्टर पोरांकडे न बघता 'इजा नाही' लिहीत असेल तर त्याला बघायला लाव. सदरा काढून, तळपायांसकट. डायरीत वेळ घाल. उद्या कोणी खोटं बालंट घेतलं तर हाच कागद तुला वाचवेल, आणि कोणाचा हात उठणार असेल तर याच कागदाच्या धाकाने थांबेल. तुझा उठणार नाही, मला माहीत आहे. माहीत आहे म्हणते आणि पुन्हा तेच लिहिते.

तपासाला दुसऱ्या वाटा आहेत. टोलनाक्याचं चित्रण, टॉवरवरचे नंबर, मोडीचं सोनं घेणारे तालुक्यातले सराफ. आजचा माग तोच. तोही पुसला जातो, बरेच कॅमेरे काही दिवसांनी जुन्यावर नवं चढवतात. आधी ते उचल.

आणि त्यातला धाकटा. तू म्हणालास, "अठरा-एकोणीसचा असेल." असेल म्हणजे काय? शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसलं तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसला तर हाडांची तपासणी, असा क्रम आहे. पालावरच्या पोराकडे बहुधा यातलं पहिलं काहीच नसतं, म्हणून अंदाजाने अठरा लिहून मोकळं होतात. अठराच्या आतला निघाला तर त्याला एक रात्रही कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावा लागतो. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत पाच दिवस झालेले असतील. पत्र वाचलंस की आधी त्याचं वय बघ आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आई