‘मुलं आवडत नाहीत’ हे लग्नाआधी बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि दोन झोके होत नाहीत तोच एखादी मावशी विचारतेच, ‘काही शे का नही?’ (काही आहे की नाही?) लग्नाला वर्ष झालं असेल तर हा प्रश्न हसत येतो, चार वर्षं झाली असतील तर कुजबुजत येतो. ‘मला मुळात लहान मुलं आवडत नाहीत’ हे उत्तर जळगाव-धुळ्याकडे सहसा कुणी देत नाही. पुरुषाने दिलं तर ‘वैतागला असेल, होईल ठीक’ म्हणून सोडून देतात. बाईने दिलं तर ती दगडाच्या काळजाची ठरते आणि पुढच्या डोहाळजेवणाचं बोलावणं तिच्या दारापर्यंत येत नाही.

या एका वाक्यात लोक बरंच काही वेगवेगळं ऐकतात. मुलांचा गोंगाट न सोसणं, स्वतःला मूल नको असणं, मूल होत नसणं आणि मुलांशी वाईट वागणं या चार गोष्टींचा एकमेकींशी बांधलेला संबंध नाही. भाच्यांवर जीव टाकणाऱ्या कितीतरी जणांना स्वतःचं मूल नको असतं. ज्यांना पोरांचा कालवा सोसत नाही ते बहुधा पोरांपासून लांब बसतात. इजा करणारे मात्र जवळ येतात. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पॉक्सो कायद्याखालच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा नात्यातला, शेजारचा, ओळखीचा निघतो आणि ‘त्याला पोरांचा फार लळा’ अशीच त्याची ख्याती असू शकते. संशय घ्यायचाच तर तो वागणुकीवर घ्यावा, आवडीनिवडीवर नको.

यावरचा घरगुती उपाय सगळीकडे सारखा: मूल मांडीत टाकायचं. ‘घे, सवय होईल.’ साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत बाळाची मान धरत नाही, त्यामुळे न सरावलेला माणूस अवघडून बसतो आणि बाळही रडतं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तर बाळांचं रडणं सर्वांत जास्त असतं. दिवसाला दोन-तीन तास रडणारं बाळही निरोगी असू शकतं. आठव्या महिन्याच्या आसपास बाळच अनोळखी माणसाला पाहून भोकाड पसरतं. (त्या वयात त्याला मोठी माणसं आवडत नाहीत, त्याला मात्र कुणी दगडाच्या काळजाचं म्हणत नाही.) या प्रयोगातून लळा लागत नाही. पुढच्या लग्नाला ती व्यक्ती येत नाही, एवढंच होतं.

‘मूल आवडत नाही’ या बोलण्याकडे डॉक्टरांचं लक्ष जायलाच हवं असा एक प्रसंग आहे आणि नेमका तिथेच ते दाबलं जातं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं असतं. दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यानंतरही ‘हे पोर जवळ नको’, ‘मला काहीच वाटत नाही’ असं बाई म्हणत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं असतात, ती डॉक्टरांनीच ठरवायची. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना माहेरी असते, म्हणजे हे वाक्य पहिल्यांदा तिच्या आईच्या कानावर पडतं. ‘असं बोलू नये, देव कोपेल’ म्हणून आईने तोंड बंद केलं की पुढचे कित्येक महिने कुणाला पत्ता लागत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रात्र रात्र झोप नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलतंच बोलणं चालू आहे, असं असेल तर फोन करत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं आणि तोवर मायलेकरांना एकटं सोडू नये.

आता ज्यांना खरोखरच मूल नको आहे त्यांच्याविषयी. खरं बोलायची सोय नसल्यामुळे ही मंडळी ‘प्रयत्न चालू आहेत’ असं सांगतात. मग सासू नवस बोलते, नणंद डॉक्टर सुचवते. वर्षभर गर्भ राहिला नाही म्हणून तपासण्या सुरू होतात: नवऱ्याची वीर्यतपासणी, मग सुनेच्या गर्भनलिकांचा रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे. तो दुखतो आणि पैसेही खातो. इकडे तीच सून लपून गोळ्या घेत असते. घरी काय सांगायचं ते ज्याने त्याने ठरवावं, पण डॉक्टरांना तरी खरं सांगावं.

साधनांबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. ‘मूल नकोच, तर ऑपरेशन करून टाक’ असं म्हणणं सोपं आहे. सरकारी नसबंदीच्या मानकांनुसार व्यक्ती विवाहित किंवा पूर्वी विवाहित असावी लागते, स्त्रीचं वय २२ ते ४९ मध्ये लागतं आणि जोडप्याला एक वर्षावरचं किमान एक मूल लागतं. वैद्यकीय कारण असेल तरच सूट मिळते. म्हणून मूल नसलेल्यांना परत पाठवतात. डॉक्टरांचा त्यात आकस नसतो. (जोडीदाराची सही लागते हा समज मात्र चुकीचा आहे.) अशा बाईसाठी तांबी आहे. तिचा ३८० अ हा प्रकार दहा वर्षं चालतो आणि मूल न झालेल्या बाईलाही बसवता येतो. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्तस्राव आणि कळा वाढतात आणि याच टप्प्यावर घाबरून ती काढून घेतली जाते. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं, त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळी लांबली म्हणून गोळी मध्येच सोडणं ही इथली नेहमीची चूक. सरकारी आरोग्य केंद्रांत या सगळ्याला पैसे पडत नाहीत.

खरी गाठ पडते ती लग्नात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली समर घोष विरुद्ध जया घोष या खटल्यात सांगितलं आहे की, लग्नानंतर पती किंवा पत्नीने मूल न होऊ देण्याचा एकतर्फी निर्णय घेतला तर ती क्रूरता ठरू शकते. म्हणजे घटस्फोटाला कारण. त्यामुळे हे साखरपुड्याआधी, दोघंच बोलत असताना सांगावं आणि शब्द जपून वापरावेत. ‘सध्या नको’ याचा अर्थ समोरचा ‘दोन वर्षांनी’ असा घेतो. ‘कधीच नको’ असेल तर तसंच म्हणावं, ठरलं नसेल तर ‘ठरलं नाही’ म्हणावं. होकार आईवडिलांमार्फत न कळवता समोरच्याच्या तोंडून ऐकावा. ‘लग्न झालं की बदलेल’ असं म्हणणारा मध्यस्थ पुढे कोर्टाच्या तारखेला येत नाही.

‘म्हातारपणी कोण बघेल?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा २००७ सालचा. त्यानुसार मूल नसलेल्या ज्येष्ठाला, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, अशा सज्ञान वारसाकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. जमिनीचं त्याहून बारकाईने पाहावं. मूल नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता वारली तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते आणि आईबापांकडून वारशाने आलेली बापाच्या वारसांकडे. तिला आयुष्यभर सांभाळणारी भाची दोन्हींत बसेलच असं नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, पण ते लाभार्थी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून ठेवली तर भाऊबंदकीचा निम्मा आवाज बसतो. बँकेतलं नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हेही घरात सांगून ठेवावं.

महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ इतका होता. दोनवर, एकवर थांबणं खेड्यापाड्यांतही रुळलं. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं त्याला शंभरावर वर्षं झाली. ते आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई ठरवून निपुत्रिक राहिले. शून्यावर थांबलेल्यांना अजूनही कारण विचारलं जातं, सहा मुलं असलेल्याला कधी कुणी विचारलं नाही.

आपल्या वधू-वर पानाबाबत एक सूचना. तिथे उंची, रक्तगट, मंगळ, बागायत किती आणि कोरडवाहू किती, सगळं छापलं जातं. त्यात ‘अपत्याविषयी’ असा एक रकाना वाढवावा आणि हवं, नको, ठरलेलं नाही, आधीचं आहे, यांतला एक शब्द जाहिरातदाराकडून घ्यावा. कुणी ‘नको’ लिहिलं तर कृपया जाहिरात विभागाने फोन करून ‘अहो, चुकून तर नाही ना लिहिलं?’ असं विचारू नये.

कळावे,
कुटुंब समुपदेशन व आरोग्यसेवेत काम करणारे काही वाचक,
जळगाव व धुळे